किल्ल्यांचा जुडगा

‘सासू’ हा शब्द नुसता काढला, की आपल्यातल्या निम्म्याजणींना बोलायला विषय मिळतो. ‘आई’ म्हटलं की मात्र आपण गप्प! आईविषयी वाकडा शब्द तोंडातून काढायचा नाही, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. पण मैत्रिणींनो, एकीची सासू ती दुसरीची आईच असते ना? आज मी ज्या सासूबाईंची हकिगत तुम्हांला सांगणार आहे, त्या माझ्या वहिनीच्या सासूबाई. म्हणजे माझी आई. लिहावं की नाही, हे दोन महिने मनात घोळत होतं. शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली, “लिही. पण माहं नाव नको टाकू.” म्हणून नाव टाकलेलं नाही. कुणाचंच नाही.

माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, पवनी तालुक्यातलं आसगाव. सारा मुलूख धानाचा. रोवणी सुरू झाली, की गावात बोलायलासुद्धा माणूस सापडत नाही. जी ती बांधीत, चिखलात उभी. गेल्या वर्षी अशाच दिवसांत शेजारच्या काकूंचा मला नागपूरला फोन आला. “बाई, तुझी माय दोन दिवसांपासून जेवली नाही. पोरगा घर सोडून गेला. तू ये.”

घर सोडून? माझा भाऊ? अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, ज्यानं आजवर आईला न विचारता सदरासुद्धा शिवला नाही, तो ऐन रोवणीत घर सोडून गेला? माझा विश्वास बसेना. उमरेड, भिवापूर करत पवनी गाठली आणि तिथून आसगाव. वाटेत हजारदा मनात आलं, की वहिनीनंच काहीतरी केलं असणार. बघा, नणंद किती सहज जागी होते ते!

झालं होतं ते असं. वहिनी बचत गटात आहे. गटातून कर्ज काढून तिनं एक शिलाई मशीन घेतलं. स्वतःच्या नावानं, स्वतः फेडायच्या बोलीवर. सकाळी टेम्पोतून मशीन आलं. आई तेव्हा शेतात होती. दुपारी परत आली, पडवीत मशीन बघितलं, आणि संध्याकाळी तोच टेम्पो बोलावून मशीन परत धाडलं. “या घरात काय कमी आहे, म्हणून लोकांचे कपडे शिवायचे?” एवढंच म्हणाली. आवाजसुद्धा चढवला नाही. भाऊ अंगणात उभा होता. काही बोलला नाही. रात्री वहिनी दोन्ही मुलांना घेऊन माहेरी गेली. तिसऱ्या दिवशी भाऊही उठला आणि पवनीला एक खोली भाड्यानं घेऊन राहिला.

आता माझ्या आईला दुष्ट ठरवायच्या आधी थोडं मागचं ऐका.

आमचे बाबा शाळामास्तर. पगारातून पै-पै साठवून त्यांनी साडेचार एकर धानाची जमीन घेतली आणि १९८१ साली ते गेले. मी नऊ वर्षांची, भाऊ चार वर्षांचा आणि आई बत्तिशीची. माझ्या काकांनी अगदी गोड शब्दांत सांगितलं, “वहिनी, जमीन आम्ही पाहतो. तुम्ही पोरं सांभाळा.” आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, “पोरंही मीच पाहीन, जमीनही मीच.” त्या दिवशी तिनं कोठीची, कपाटाची, पेटीची अशा सगळ्या किल्ल्या एका दोरीत ओवल्या आणि कमरेला खोचल्या. धान मोजताना मापाऱ्यावर तिची नजर असे. तलाठ्याकडे ती स्वतः जाई. नवरा गेलेली बाई व्यापाऱ्याशी भावाची घासाघीस करते, म्हणून गावानं नावं ठेवली. मला तिनं शिकवलं, नागपूरला चांगल्या घरी दिलं, भावाचं लग्न केलं. तेव्हा त्या किल्ल्या तिनं दुसऱ्याच्या हातात दिल्या असत्या, तर आम्ही आज कुठं असतो, देव जाणे.

पण तो जुडगा कमरेचा निघाला नाही तो नाहीच. भाऊ मोठा झाला, त्याला मिसरूड फुटलं, केस पांढरे व्हायला लागले, तरी सणाला त्याच्या शर्टाचं कापड आईच पसंत करायची. आधारभूत केंद्रावर धान गेलं की पैसे आईच्या खात्यात. पासबुक पेटीत, पेटीची किल्ली कमरेला. मुलांची फी, गाडीचं पेट्रोल, वहिनीचं बाळंतपण... सगळं मिळायचं, बरं का. आई कंजूष नाही, साखरेच्या डब्याला तिनं कधी कुलूप लावलं नाही. मागितलं की मिळायचं. पण मागावं लागायचं. लग्नाला वीस वर्षं झालेल्या बाईला डोकेदुखीच्या गोळीसाठी पैसे मागावे लागत होते. आणि मागताना कारण सांगावं लागत होतं.

मी पोचले तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, “मी काय दुश्मन आहो काय त्याची? काहून गेला तो?” मी पेज केली, ती दोन घोट प्याली आणि पुन्हा तेच. “माहं काय चुकलं, सांग.” खरं सांगू? तिला खरोखरच कळत नव्हतं. आणि मलाही सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी पवनीला भावाकडे गेले. एक स्टोव्ह, दोन पातेली, कोपऱ्यात गुंडाळलेली सतरंजी. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, “मशीन परत जात होतं तेव्हा तू काहून नाही बोललास? आता पळून येऊन काय मिळवलंस?” तो खाली मान घालून बसला. मग म्हणाला, “ताई, मी आईसमोर कधी बोललोच नाही. कसं बोलतात तेच मले माहीत नाही.” थोड्या वेळानं म्हणाला, “आणि तू तरी कधी बोललीस? दर हंगामाला सही तर तुझी पण असते.”

मैत्रिणींनो, हे वाक्य मला लागलं. बाबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली जमीन, मृत्युपत्र न करता ते गेले. तेव्हा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं तिच्यावर आईचा, भावाचा आणि माझा सारखा हक्क. सातबाऱ्यावर तिघांचीही नावं आहेत. धानाचे पैसे आईच्या एकटीच्या खात्यात जायचे, ते आम्ही दोघं संमतीपत्रावर सह्या करायचो म्हणून. वर्षानुवर्षं आई कागद पाठवायची आणि मी न वाचता सही करून परत पाठवायची. ‘आईची सत्ता’, ‘आईचा स्वभाव’ असं आपण म्हणतो ना? त्या सत्तेच्या कागदावर माझी सही होती. माहेरी गेल्यावर वहिनीचा उतरलेला चेहरा मला दिसत नव्हता असं नाही. पण माहेरचं सुख चार दिवसांचं, त्यात कशाला विषय काढा, असं म्हणत मी लाडू खाऊन परत येत होते.

त्या रात्री झोप येईना. बाबांच्या कपाटात त्यांची जुनी पुस्तकं अजून आहेत. हाताला रणजित देसाईंची ‘स्वामी’ लागली. १९६२ सालची ही कादंबरी. थोरल्या माधवरावांची आणि रमाबाईंची कथा म्हणून तुमच्यापैकी बहुतेकींनी वाचली असेल. आईला वाचायची फार सवय नव्हती, पण बाबा तिला रात्री वाचून दाखवायचे. कंदिलाच्या उजेडात चाललेलं ते वाचन मला अंधूक आठवतं. मी पानं चाळत होते तर अंधारातून आईचा आवाज आला, “गोपिकाबाईचं काय चाललं त्यात?” म्हणजे ती जागीच होती.

गोपिकाबाई! रमाबाईसाठी आपण सगळ्यांनी अश्रू गाळले, पण या सासूकडे कितीजणींनी वळून पाहिलं? वाईच्या रास्त्यांची ही लेक, नानासाहेब पेशव्यांची पत्नी. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर तिचा थोरला मुलगा विश्वासराव पडला. त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर नानासाहेबांनी डोळे मिटले. पाच महिन्यांत मुलगाही गेला आणि नवराही. मागं उरला सोळा वर्षांचा माधवराव, त्याच्या पाठचा लहानगा नारायणराव, आणि कारभारावर डोळा ठेवून असलेला दीर राघोबा. अशा बाईनं सत्तेच्या किल्ल्या कमरेला खोचल्या, तर नवल काय? ती कारभारात लक्ष घालू लागली, माणसं नेमावी-काढावी यात बोलू लागली. माधवराव कोवळा होता तोवर ते चाललं. पुढं तो स्वतः कारभार बघू लागला आणि माय-लेकांत बिनसलं. त्यांच्यात शब्दांनी काय झालं, ते कादंबरीकारांनी आपापल्या परीनं रंगवलं आहे. इतिहास सांगतो तो एवढंच, की गोपिकाबाई पुणं सोडून नाशिकजवळ गंगापूरला, गोदावरीच्या काठी, जाऊन राहिली.

मी आईला हे सगळं सांगत होते. ती मध्येच म्हणाली, “त्या बाईचं काय चुकलं? पोरगं सोळा वर्साचं. दीर तसा. तिनं लक्ष नसतं घातलं तर पोराचं काय झालं असतं?”

मी विचारलं, “मग माधवरावांचं चुकलं?”

बराच वेळ आई बोललीच नाही. मला वाटलं झोपली. मग आवाज आला, “त्याचंही नाही.”

बस, एवढंच. कूस बदलली तिनं. पण सकाळी उठून न सांगता चहा घेतला, भाकरी खाल्ली.

मी मात्र विचार करत राहिले. माधवरावांनी आईला दूर केलं, पण रमाबाईला पुढं करून नाही. बोलायचं ते स्वतः बोलले. आपल्या घरांत काय होतं? आईला ‘नाही’ म्हणायचं काम मुलगा बायकोवर सोपवतो, आणि आई समजते की सुनेनं पोरगा तोडला. माझ्या भावानं अंगणात उभं राहून त्या टेम्पोकडे नुसतं पाहिलं. त्या वेळी त्यानं एक वाक्य बोललं असतं, तर पवनीतल्या त्या खोलीचं भाडं वाचलं असतं, असं मला अजून वाटतं.

गोपिकाबाईची पुढची कथा फार दुःखाची. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला माधवराव क्षयानं गेले, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. रमाबाई सती गेली. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावाचा शनिवारवाड्यात खून झाला. तिन्ही मुलं गेलेली ही बाई १७८८ पर्यंत जगली. आणि काय केलं तिनं? नातू सवाई माधवराव लहान असताना त्यानं कसं वागावं, याच्या सूचना तिनं लिहून पाठवल्या. ते पत्र प्रसिद्ध आहे. इतकं सगळं होऊनही आईपण काही सुटत नाही हो!

असं का होतं, यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलं आहे. मूळच्या तुर्कस्तानच्या डेनिझ कँडियोटी या विदुषीनं १९८८ साली एका निबंधात मांडलं, की आशियातल्या आपल्यासारख्या कुटुंबांत सून म्हणून आलेल्या मुलीनं सगळं सोसायचं, ते पुढं आपण सासू झाल्यावर सत्ता मिळेल या आशेवर. जुनं देणं नव्या सुनेकडून वसूल! आणि ती सत्ता मुलाच्या हातून मिळायची, म्हणून मुलगा मुठीत ठेवायचा. वाचताना मला आमची पडवी दिसत होती. फक्त एक गोष्ट मी त्यात जोडीन. माझ्या आईला सासुरवास झाला नव्हता. तिला झाली होती ती भीती. सातबारा हातचा गेला तर उद्या आपल्याला कोण विचारणार, ही भीती. आणि मैत्रिणींनो, ती भीती खोटी आहे असं मी तरी म्हणणार नाही.

म्हणून घरात बैठक बसली, तेव्हा काकांनी सुचवलं की आईनं आपला हिस्सा मुलाच्या नावे करून द्यावा आणि भांडण मिटवावं. मी साफ नको म्हटलं. घरात शांतता हवी म्हणून म्हाताऱ्या आईच्या नावची जमीन लिहून घेऊ नका आणि तुम्ही स्वतः सासू झालात तर लिहून देऊ नका. द्यायचीच असेल, तर ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द बक्षीसपत्रातच हवेत. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा सांगतो, की अशी अट असून सांभाळ झाला नाही तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द करू शकतं. न्यायाधिकरण म्हणजे आपल्याकडे उपविभागीय अधिकारी. निर्वाहाचा अर्जही तिथंच. आईवडिलांना विचारपूस करायला १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

वहिनीची भीती वेगळीच होती. कुणीतरी तिला सांगितलं होतं, की नवऱ्याला आईपासून वेगळं राहा म्हटलं तर कोर्ट बाईलाच क्रूर ठरवतं. याला आधार आहे तो सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या एका निकालाचा. पण तो नीट समजून घ्या. सबळ कारण नसताना, मुलावर अवलंबून असलेल्या आईवडिलांपासून त्याला तोडायचा सतत हट्ट धरणं, याविषयी तो आहे. छळ, अपमान, पैशासाठी कोंडी असेल तर गोष्ट निराळी. उलट २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा पैशाची कोंडीसुद्धा हिंसाच मानतो. आणि घर सासूच्या नावावर आहे म्हणून सुनेचा राहण्याचा हक्क आपोआप जात नाही, हे न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. हे मी कोर्टात जा म्हणून सांगत नाही. वहिनी कुठंच गेली नाही. पण आपल्या पायाखाली जमीन आहे एवढं कळल्यावर तिचा आवाज बदलला, तो मी ऐकला.

बैठकीत मी भावाला आधीच सांगून ठेवलं होतं, की मी बोलणार नाही, वहिनीही बोलणार नाही. तू बोल. त्याला घाम फुटला. तांब्याभर पाणी प्याला. मग म्हणाला, “आई, तुझ्या किल्ल्या तुझ्याच जवळ ठेव. पण माझ्या लेकरांची फी मी मागणार नाही. ते पैसे माझ्या खात्यात यायला पाहिजेत.” एवढ्या दोन वाक्यांना त्याला पाव तास लागला. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “आई, यंदा मी सही करीन ती हे ठरल्यावरच.” तिला हे शब्द जिव्हारी लागले, मला दिसलं. सही न करायची धमकी पोटच्या पोरीनं द्यावी! अजूनही कधी कधी ती त्यावरून टोमणा मारते.

ठरलं ते असं. धानाच्या पैशाचे तीन भाग: एक शेतीखर्चाचा, एक आईचा, एक भावाच्या संसाराचा, त्याच्या खात्यात. माझा वाटा मी त्यातच सोडते, पण दर वर्षी हिशेब वाचून, तोंडानं सांगून. एकाच घरात दोन चुली. कोठीची किल्ली आईकडेच. मशीन पुन्हा आलं.

सगळं गोड झालं असं समजू नका. पहिला महिना आई वहिनीशी बोलली नाही. नातीच्या हाती वाटीतून भाजी पाठवायची आणि निरोप, ‘तुझ्या आईले सांग, मीठ असं असते.’ वहिनीनं एकदा वाटी तशीच परत पाठवली, त्यावर आठ दिवस अबोला. भाऊ अजून पगारी माणसासारखा महिन्याच्या सुरुवातीला आईपुढं उभा राहतो. मागायला नाही, नुसता सवयीनं. पण परवा मी गेले तेव्हा आईच्या अंगात नवं पोलकं होतं. बाह्या जरा लांब झाल्या होत्या. मी विचारलं, कुठं शिवलंस? तर म्हणाली, “आहे इथंच एक शिवणारी. हात काही अजून बसला नाही तिचा.”

जाता जाता माझंच एक सांगून टाकते. माझी मुलगी लग्न होऊन पुण्याला असते. रोज रात्री नऊला माझा तिला फोन. काय केलंस जेवायला, जावई आले का, सासूबाई काय म्हणाल्या, तू काय म्हणालीस, असं नको होतं म्हणायला... मला तो जिव्हाळा वाटायचा. आसगावहून परतल्यावर मी तिला सगळी हकिगत सांगितली. ती थोडी थांबली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “आई, तुझ्या कमरेला फोन आहे एवढंच.” मी दोन दिवस रागावले. मग फोन रविवारवर आणला. पहिल्या आठवड्यात नऊ वाजले की हात शिवशिवायचा, म्हणून मी त्या वेळी भांडी आवरायला घेत असे.

दिवाळीच्या आधी तिनं आपणहून फोन केला, तोही भर दुपारी, मंगळवारी. अनारसे तुपात सोडले की हसतात, काय करू? मी विचारलं, गूळ जास्त झाला का? हो म्हणाली. मग थोडं तांदळाचं पीठ मिसळून, मळून रात्रभर ठेव म्हटलं. पलीकडून कुणाचा तरी आवाज येत होता. जावई त्या वेळी घरी कसे, हे अगदी ओठांवर आलं होतं. नाही विचारलं.